मुकी पोटं

ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल, असं आपल्याकडे म्हणतात. झाडोळीत ओवा मागायला कोणी उरलं नाही, त्या सालाची ही गोष्ट आहे.

झाडोळी म्हणजे कोयनेच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या माथ्यावर वसलेली गवळी धनगरांची वस्ती. घाटातून पक्की सडक आली होती, टॉवर आले होते, दुधाच्या जीपा डिझेलवरून विजेवर गेल्या होत्या. म्हशी मात्र म्हशीच राहिल्या होत्या आणि माणसंही बरीचशी तशीच. बयना झोरे त्यांच्यातलीच एक. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मुलगा नावजी, सून सगुणा आणि गोठ्यात आठ दुभती जनावरं.

बयनाच्या पोटात निखारा होता. जेवलं की धुमसायचा, उपाशी राहिलं की भडकायचा. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या ती चण्यासारख्या खात होती. त्या गोळ्यांनीच पोटाला भोक पाडायला घेतलं आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दुखायला लागलं की ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या कुशीला कपाळ टेकायची आणि दातावर दात दाबून उभी राहायची.

त्या वर्षी दवाखान्याची नळीची गाडी वस्तीवर यायला लागली, पोटात नळी घालून बघणारी. आत एक पलंग, एक पडदा आणि डॉक्टर तन्वीर मुजावर. माणूस तरुण, बोलायला गोड.

"मावशी, तोंड उघडा. काही वाटणार नाही."

"मागल्या डॉक्टरनं बी असंच सांगितलं हुतं. आन् पान्याचा पाइप घातला नरड्यात."

"ती जुनी नळी. ही शेवईएवढी आहे. वाट तिची ती शोधते."

खरंच, शेवई गिळल्यागत ती आत गेली. पडद्यावर बयनाला आपलं पोट दिसलं. लाल, ओलं, घड्या पडलेलं.

"बोकडाचा कोथळा उलटा केल्यागत दिसतंय की," ती नळी काढल्यावर म्हणाली. डॉक्टर हसले. मग त्यांनी पडद्यावर थांबवलेल्या चित्रावर बोट ठेवलं. घड्यांच्या मधे एक खड्डा होता, तळाशी पांढुरका, कडा सुजलेल्या.

"हा तुमचा निखारा. अजून थोडा खोल गेला असता तर पोट फुटलं असतं. मी त्याला आतून लेप लावला आहे. जिवंत लेप."

"जित्ता?"

"दह्यात असतात तसलेच जंतू आहेत. त्यांना दोन कामं शिकवली आहेत. जखमेवर सायीसारखा थर धरायचा आणि दुखणं वर मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा गप्प करायच्या. दुखणं थांबलं की पोट आवळत नाही, आंबट पाणी कमी सुटतं, जखम लवकर भरते."

"मग पैलंच का न्हाई लावला सगळ्यांना?"

"मावशी, दुखणं हा राखणदार असतो. त्याला झोपवलं तर चोर कधी शिरला ते कळत नाही. म्हणून दर पंधरवड्याला मी नळी घालून बघणार. राखणदार झोपला असेल तोवर माझा डोळा जागा राहील." त्यांनी एक कळ दाबली, तसं निळ्या उजेडात घेतलेलं चित्र पडद्यावर आलं आणि त्या खड्ड्यावरचा थर कोवळ्या पोपटी रंगानं चमकला. "लेप कुठवर आहे ते असं दिसतं. आणि हे जंतू बाहेर जगत नाहीत. त्यांचं अन्न फक्त ह्या पुडीत आहे. रोज एक पुडी वाटीभर दह्यात घालून खायची. पुड्या संपल्या की ते मरतील, नसा जाग्या होतील. तोवर जखम भरलेली असेल. वाटी तुमची तुम्हीच संपवायची. उरलं तर ओतून द्या."

बयनानं मान हलवली. डॉक्टरापुढे मान हलवायची असते.

पण दही ओतून देणं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. ती नवी नवरी होऊन झाडोळीत आली, तेव्हा सासूनं घरातलं दुसरं काही हाती देण्याआधी तिच्या तळहातावर चमचाभर विरजण ठेवलं होतं. ते विरजण सासूला तिच्या सासूनं दिलेलं. एकाही दिवसाचा खंड न पडता ते चालत आलं होतं. लेक सासरी निघाली की फडकं विरजणात भिजवून, वाळवून तिच्या ट्रंकेत घालायचं. सासरी गेल्यावर ते कोमट दुधात बुडवलं की माहेरचं दही लागलं. दही सांडलं तर म्हैस पान्हा चोरते, हे वस्तीवरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तेव्हा अर्धी वाटी खाऊन पोट भरलं की उरलेलं दही बयना मडक्यात परत घालायची. रोज. त्यात चूक असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

निखारा विझला. महिन्याभरात बयना दुसऱ्याच बाईसारखी दिसायला लागली. पुढच्या फेरीला डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, खड्डा भरत आला होता. त्यानंतरच्या फेरीला तिथे नुसता फिकट वण होता. पुड्या संपल्या. बयनाचं पोट गप्पच राहिलं. जखम भरली म्हणून गप्प आहे असं तिला वाटलं, आणि डॉक्टरांनाही.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या चिमाआत्याचं दही तुटलं. चिमाआत्या म्हणजे वस्तीतली सगळ्यांत फटकळ म्हातारी.

"बयने, चमचाभर इरजण दे गं. माझं सम्दं पानी झालं."

"दिवं लागायच्या आत आलीस म्हनून देती. नंतर आली असतीस तर रिकामी धाडली असती."

"तू मला रिकामी धाडणार? तुझ्या लग्नात हळद म्या वाटली, भवाने."

विरजणाला नाही म्हणायचं नसतं. चिमाआत्याकडून ते तिच्या जावेकडे गेलं, जावेकडून खालच्या आळीत. दही असं लागायचं की मडकं उलटं केलं तरी पडू नये. आणि मग वस्तीत एक नवल सुरू झालं. ज्याच्या पोटात मुरडा यायचा त्याचा मुरडा थांबला. ज्याला जळजळ व्हायची तो मिरचीचा ठेचा भाकरीवर थापून खायला लागला. म्हसोबाच्या जत्रेला चिमाआत्यानं मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून दोनदा वाढून घेतलं.

"आत्ये, रातीला कन्हत बसशील," नावजीनं टोमणा मारला.

"तुझ्या आयच्या हातचं दही खाऊन येती मुडद्या. धोंडं खाल्लं तरी दुखायचं न्हाई."

शेजारच्या वस्त्यांवरच्या बाया विरजणाला यायला लागल्या. बयनाच्या हाताला गुण आहे असं लोक बोलू लागले. ऐकून बयनाला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. जन्मभर तिला कोणी एवढं विचारलं नव्हतं. नावजी तेच दही जीपनं खाली कराडला नेऊ लागला. खाणावळीवाले त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे.

मग बयनाचा धाकटा दीर कोंडिबा गेला. धडधाकट गडी. दोन दिवस त्याला काळी उलटी होत होती. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "तंबाखूची असंल. दुखतंय कुठं?" तिसऱ्या दिवशी धार काढता काढता तो म्हशीच्या पायाशी कलंडला. चेहऱ्यावर त्रासाची एक रेघ नव्हती. माणसं म्हणाली, "पुण्यवान. हूं का चूं न करता गेला." बयनाही तेच म्हणाली. पण अंगणात निजवलेल्या दिराकडे बघताना तिच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली. एवढा मोठा गडी मरतो आणि त्याच्या देहाला पत्ताही लागत नाही, हे कसलं पुण्य?

पावसाळ्याच्या तोंडाला चिमाआत्याचा चेहरा हळकुंडागत पिवळा पडला. उठताना घेरी यायची. "वय झालं," म्हणायची. बयनानं तिला हाताला धरून नळीच्या गाडीत नेलं.

"मला कशाला नळी? माझं पोट दुखत न्हाई."

"दुखत न्हाई म्हनूनच चल."

शेवई आत गेली. डॉक्टर पडद्याकडे बघत होते आणि बघता बघता त्यांचे खांदे ताठ झाले. चिमाआत्याच्या पोटात रक्त साचलं होतं, काळं, गुठळ्यांचं. मधोमध खड्डा आणि त्यातून एक नस उडत होती, फुटक्या नळासारखी.

"ही जखम असलेला माणूस गडाबडा लोळतो," डॉक्टर पुटपुटले. त्यांनी नळीतून चिमटा आत सोडला. तो इवलासा चिमटा नसेला चावला, मिटला आणि तिथेच राहिला. रक्त थांबलं. चिमाआत्या डोळे मिचकावत पडून होती, जणू कोणी वेणी घालतंय.

सवयीनं डॉक्टरांनी निळा उजेड लावला.

चिमाआत्याचं सगळं पोट पोपटी चमकलं. भात पिकायच्या आधीची खाचरं दिसतात तसं, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"ह्यांना मी लेप लावलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "कोणीच लावलेला नाही."

बयनाला अर्धी वाटी दिसली. मडकं दिसलं. दिवेलागणीच्या आत दारात आलेल्या बाया दिसल्या, एकामागून एक. गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. पण चिमाआत्याच्या तोंडातून नळी बाहेर येत होती आणि तिच्या टोकाला काळं रक्त लागलेलं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "म्या दही ओतून न्हाई दिलं."

सगळं ऐकून डॉक्टर पायरीवर बसले. मग जणू स्वतःलाच समजावत होते. "कारखान्याच्या दह्यात तपासलं होतं आम्ही. त्यात दोन जातींचे जंतू. आमचे तिथे उपाशी मेले. तुमच्या विरजणात शेकडो जाती असतील, मावशी, पिढ्यान् पिढ्या एकमेकांना पोसत आलेल्या. एकाचं उष्टं दुसऱ्याचं अन्न. आमच्या जंतूला पुडीतून जे मिळत होतं ते त्यांनी दिलं. घरात घेतलं त्याला."

"आता?"

"राखणदार सगळ्यांचाच झोपला आणि डोळा मात्र माझा एकट्याचा." ते उठले. "मी जिल्ह्याला जातो, माणसं घेऊन परत येतो. तोवर घराघरातलं विरजण ओतून भांडी उकळायला सांगा. आणि हे शिकून घ्या." त्यांनी बयनाचा हात चिमाआत्याच्या पोटावर ठेवला. "हे मऊ आहे. आतड्याला किंवा पोटाला भोक पडलं की स्नायू आवळतात, पोट फळीसारखं होतं. दुखणं मेंदूपर्यंत जातं ती वाट बंद आहे. पण पोटाचे स्नायू मणक्याशी परस्पर बोलतात, ते अजून खोटं बोलत नाहीत. फळी लागली तर एक क्षण थांबू नका. कराड गाठा."

संध्याकाळी म्हसोबाच्या पारावर माणसं जमली. बयनानं सगळं सांगितलं. मग खालच्या आळीची भागूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हंजी आमी परत कन्हायचं, व्हय? तुझं झालं बरं, आता आमचं ओतून दे."

"भागू, कोंडिबा भावजी गेलं."

"माणूस हाय, मरनारच. पर बिनदुखतं मेला. माझा बाप कसा गेला ठावं हाय? वस्तीला झोप न्हवती त्याच्या वरडण्यानं."

"म्हाताऱ्या आज्यांचं इरजण," कोणी म्हातारा म्हणाला. "ते ओतलं तर झाडोळीत ऱ्हायलं काय?"

"बयनाला मान मिळाला तो पचंना," मागून एक बाई बोलली आणि माणसं हसली. पोट धरून हसली. बयना त्या हसणाऱ्या पोटांकडे बघत राहिली.

घरी येऊन तिनं आपलं मडकं उचललं, उकिरड्यावर नेलं आणि उलटं केलं. दही पडेना. बोटांनी खरवडून काढावं लागलं. सासू मेली तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

"आये, तू येडी का खुळी?" नावजी ओरडला. "खाली खाणावळीवाले वाट बघत्यात. म्या चिमाआत्याकडनं आणतो इरजण." आणि त्यानं आणलंही.

दुसऱ्या दिवशी नावजी चहा न पिता बसला होता. अंगात कणकण होती, ओठ सुकले होते. सगुणा म्हणाली, "आत्याबाई, सकाळपास्नं दोनदा वकले."

"ऊन बाधलं," नावजी म्हणाला.

"पावसाळ्याचं ऊन?" बयना जवळ गेली. "आडवा हो."

"कशाला?"

"आय सांगती म्हनून."

तो हसत आडवा झाला. बयनानं त्याचा सदरा वर केला आणि हात ठेवला. लहानपणी ह्याच पोटावर ती हिंग चोळायची, मऊ पिठाच्या गोळ्यागत लागायचं. आता तिच्या हाताला फळी लागली. पाटासारखं सपाट, कडक पोट. दाबलं तरी दबेना.

"दुखतंय?"

"न्हाई गं. गुदगुल्या हुत्यात."

तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते जिल्ह्याहून ओरडलेच, "कराड! आत्ता!" नावजीनं फोन काढून घेतला. "डॉक्टर, माझं काय बी दुखत नाही. दुखलं की येतो." आणि सदरा खाली ओढून दह्याचे डबे बघायला उठला.

बयना रागावली. रडली. पाया पडली. सगुणानं जीपची किल्ली पुढे केली तर नावजीनं तिलाही हसण्यावारी नेलं. न दुखणाऱ्या माणसाला तू मरतो आहेस हे कसं पटवायचं? त्याचं स्वतःचं शरीर त्याच्या बाजूनं साक्ष देत होतं. तेव्हा बयनाला कळलं, की ह्या वस्तीत अजून एकाच गोष्टीवर माणसं विश्वास ठेवतात.

ती उंबऱ्यात कोसळली. पोट धरून तिनं किंकाळी फोडली.

निखाऱ्याच्या दिवसांत जी किंकाळी तिनं दातांखाली दाबली होती, ती सगळी तिनं बाहेर काढली. माणसं घराघरातून धावत आली आणि अंगणात थबकली. किती दिवसांत असा आवाज कोणी ऐकला नव्हता. भागूबाईचा चेहरा पांढरा पडला. कोणीतरी दह्याची वाटी पुढे केली. "खा, बयना, थांबंल."

नावजी मात्र वाटीकडे वळलाही नाही. त्यानं आईला दोन्ही हातांनी उचललं, जीपमध्ये निजवलं आणि घाट उतरायला सुरुवात केली. वळणावळणावर म्हणत होता, "थांब आये, आलंच कराड." त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बयना कन्हत होती आणि कन्हता कन्हता आरशात त्याचा चेहरा बघत होती. तो राखेसारखा होत चालला होता. एका वळणाला जीप कडेच्या दगडाला घासली. "डोळ्यापुढं अंधारी आली जरा," तो म्हणाला. बयनानं आणखी मोठ्यानं किंकाळी फोडली, तो जागा राहावा म्हणून.

दवाखान्याच्या दारात दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावली. बयनाला त्यावर घातलं. नर्सबाई तिच्या दंडाला पट्टा बांधू लागली.

"मला न्हाई! माझ्या ल्योकाला बघा!"

"आजी, शांत राहा. कुठे दुखतंय?"

"मला काय झालं न्हाई, त्याचं पोट बघा!"

नर्सबाईनं नावजीकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि हसला. "घाबरलीय ती. मी ठीक आहे. तिला बघा."

स्ट्रेचर हललं. दार उघडलं. बयनानं त्या चालत्या स्ट्रेचरवरून स्वतःला खाली टाकलं. गुडघे फरशीवर आपटले. तशीच ती फरफटत गेली, नर्सबाईचा हात मनगटाला धरून ओढला आणि नावजीच्या सदऱ्याखाली घातला.

नर्सबाईनं दुसराही हात लावला. मग मागे वळून ती अशी ओरडली की आतून चार माणसं आली. नावजीला त्यांनी त्याच स्ट्रेचरवर घातलं. "अहो, दुखत नाही माझं," तो म्हणत होता. दार मिटलं. काचेतून बयनाला थोडा वेळ त्याचे पाय दिसले, मग तेही नाही.

तो वाचेल की नाही ते कोणी सांगेना. तिला एका बाकावर बसवलं, गुडघ्याला पट्टी बांधली.

तेव्हा कुठे तिनं त्या खोलीकडे पाहिलं. माणसांनी खोली गच्च भरली होती. बाकांवर, फरशीवर, दारापर्यंत. कोणाचा चेहरा पिवळा, कोणाचे ओठ काळे. एकाच्या पायाशी काळ्या उलटीची बादली होती आणि तो फोनवर हसून बोलत होता. एवढी आजारी माणसं आणि कन्हण्याचा आवाज नाही. खालच्या शहरातली माणसं ही. बयना ह्यांच्यातल्या एकालाही ओळखत नव्हती.

शेजारी एक तरुण पोरगी बसली होती. गरोदर नव्हे, नुसतं पोट फुगलेलं, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"तुला काय हुतंय गं बाई?" बयनानं विचारलं.

"काही नाही हो आजी. चक्कर आली म्हणून ऑफिसवाल्यांनी पाठवलं. उगीच वेळ मोडला. तुमच्या मुलाला बरं वाटेल, काळजी करू नका."

"दुखत न्हाई ना?"

"छे."

बयनानं तिची पिशवी बाजूला सारली आणि ओढणीवरूनच तिच्या पोटावर हात ठेवला. पोरगी आधी दचकली, मग म्हातारीला वेड लागलंय असं वाटून समजुतीनं हसली. आणि हसताना तिचं पोट हललं नाही.